आफ्रिकेतली सफारी: जीप, पायी, डोंगी की स्वतःच्या हातात गाडी?

(ऑनलाइन चर्चेचा धागा. प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पाणवठा

सफारीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "केनिया की टांझानिया?" त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते: जनावरं बघायची कशातून, आणि कुणाच्या नियमांखाली. नदी तीच, सिंहांचा कळपही तोच असला तरी सरकारी अभयारण्यातली गाडी, शेजारच्या खाजगी रानातली गाडी, पायी फिरणं आणि होडी यांत दिसतं वेगळं आणि बिघडतंही वेगळं.

केनियातल्या मसाई माराचं उदाहरण घेऊ. मुख्य अभयारण्य साधारण १,५१० चौ. किमी. परदेशी प्रौढाला प्रवेश जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, आणि तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढ्याच वेळेचं. मुक्काम आत असेल तर निघायच्या दिवशी सकाळी १० च्या आत हद्दीबाहेर पडायचं, नाहीतर आणखी एका दिवसाचे पैसे. म्हणून आतल्या धावपट्टीवरून परतायचं असेल तर विमान सकाळचंच घ्या. आत रस्ता सोडून गाडी घालता येत नाही, रात्री फिरता येत नाही, आणि एका जनावराजवळ पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत असा नियम आहे. तरी ऑगस्टमध्ये झाडावर बिबट्या दिसला की रेडिओवरून बातमी पसरते आणि बघता बघता गाड्यांची रांग लागते.

अभयारण्याला लागूनच मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी, नाबोइशो अशी राखीव रानं आहेत. त्यांना तिथे कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची, आणि कॅम्पवाले त्यांना नियमित भाडं देतात. मधे कुंपण नाही, जनावरं मोकळी ये-जा करतात. साधारण ७०० एकरांमागे एक तंबू असं प्रमाण यांतल्या काही रानांनी ठरवून घेतलंय, त्यामुळे गाड्या मोजक्या. इथे रस्ता सोडता येतो, लाल दिव्यात रात्रीची फेरी मिळते, मसाई वाटाड्याबरोबर पायीही जाता येतं. मुक्काम महाग पडतो. पण तो पैसा जमीनमालकापर्यंत पोचतो म्हणूनच ती जमीन नांगराखाली गेलेली नाही. मला वाटतं सफारीचा खर्च करताना ही गोष्ट सगळ्यांत वर ठेवावी.

अडचण एकच. विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप मारा नदी ओलांडतात ते अभयारण्याच्या हद्दीत. त्यामुळे जुलै ते ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांनी दोन रात्री कॉन्झर्व्हन्सीत आणि दोन रात्री नदीच्या जवळ अशी विभागणी केली तर दोन्ही पदरात पडतं.

गवतफुला

नदी ओलांडण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण सर्वाधिक निराशा तिथेच होते. कळप काठावर जमतो, धूळ उडते, पुढची दहा-बारा जनावरं उतारावरून पाण्यापर्यंत येतात, वास घेतात आणि सगळा कळप उलटा पळतो. असं तीन-चार वेळा होतं. कधी चार तास थांबून काहीच घडत नाही. पहिली जनावरं पाण्यात पडेपर्यंत गाडी काठापासून लांब, झुडपाआड ठेवायची असते. एखादी गाडी उताराच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली की पुढची जनावरं वळतात आणि सगळ्यांचीच सकाळ वाया जाते. चालकाला "अजून जवळ घ्या" म्हणू नका. तो नको म्हणत असेल तर तो चांगला चालक आहे.

आणि "मायग्रेशन (कळपांचं स्थलांतर) म्हणजे ऑगस्ट" एवढंच डोक्यात ठेवू नका. कळप वर्षभर फिरत असतात. जानेवारी ते मार्च ते दक्षिणेला टांझानियातल्या न्दुतूच्या आखूड गवतावर असतात, आणि फेब्रुवारीच्या आसपास काही आठवड्यांतच बहुतेक पिल्लं जन्माला येतात. पिल्लू काही मिनिटांत उभं राहतं, तेवढ्यात चित्ता आणि तरस टपलेले असतात. न्दुतूचा जो भाग न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात मोडतो तिथे रस्ता सोडून जाता येतं, शेजारच्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत नाही. शिकार बघायची असेल तर माझं मत न्दुतूच्या बाजूने.

सोनचाफा_पुणे

छान धागा. आम्ही सहा जण: दोघं पासष्टीच्या पुढचे, दोन मुलं, एक सात वर्षांचं आणि एक तेरा. आठ दिवस मिळतात, तेही मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत. एका सहलीत सहा दिवसांत केनियातलं अंबोसेली, नाकुरू, नैवाशा आणि मारा दाखवतात. घ्यावी का?

धुळवाट

घेऊ नका. अंबोसेलीहून नाकुरूला जायलाच सहा-सात तास लागतात, नाकुरूहून मारा पुन्हा पाच-सहा तास. म्हणजे सहा दिवसांतले दोन-अडीच दिवस महामार्गावर. सकाळी ६ ते ९ आणि दुपारी ४ ते ६ हीच जनावरं हलण्याची वेळ, आणि नेमके ते तास डांबरी रस्त्यावर जातात. एका ठिकाणी किमान तीन रात्री हे सूत्र धरा. पहिल्या दिवशी डोळ्यांना फक्त गवत दिसतं, तिसऱ्या दिवशी गवतातला कान दिसायला लागतो.

गाडीचंही आधी विचारून घ्या. केनियात दोन प्रकार चालतात: वर उघडणाऱ्या छताची मिनीव्हॅन, आणि लांब केलेली लँड क्रूझर. व्हॅन स्वस्त, पण मारातली माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्यासारखी काळी आहे. तिथले लोकही तिला इंग्रजीत "काळी कापसाची माती"च म्हणतात. तासभर पाऊस पडला की ती साबणासारखी होते आणि चारही चाकांना जोर नसलेली व्हॅन जागच्या जागी फिरत राहते. एप्रिल-मे आणि नोव्हेंबरात व्हॅन नकोच. बुकिंग करताना तीन गोष्टी लेखी घ्या: गाडी चारही चाकांना जोर असलेली (फोर-व्हील ड्राइव्ह) आहे, प्रत्येकाला खिडकीची जागा आहे, आणि दिवसाला किलोमीटरची मर्यादा नाही. मधल्या सीटवर बसलेल्याला तीन दिवस दुसऱ्याची पाठ बघावी लागते, हे कुठल्याच पत्रकात छापलेलं नसतं.

सातारा_कॅम्प

स्वतः गाडी चालवत सफारी हा प्रकार आपल्याकडच्या लोकांच्या फारसा लक्षात येत नाही. सहा जणांच्या कुटुंबाला तो सगळ्यांत परवडणारा आहे, म्हणून नीट लिहितो.

दक्षिण आफ्रिकेचं क्रूगर राष्ट्रीय उद्यान जवळपास वीस हजार चौ. किमी. मुख्य रस्ते डांबरी, बाकीचे मुरुमाचे. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून. जोहान्सबर्गहून दक्षिणेकडच्या दारांपर्यंत पाच तास धरा. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० किमी, कच्च्यावर ४०. पण खरोखर बघायचं असेल तर २५ ने चालवायचं. त्यामुळे नकाशावरचं अंतर वीसने भागा: १०० किमी म्हणजे पाच तास. हे गणित चुकलं की संध्याकाळी दार बंद व्हायच्या आत पोचण्यासाठी गाडी पळवावी लागते, आणि उशिरा पोचल्यास दंड. मे ते जुलै दारं सकाळी ६ ला उघडतात आणि ५:३० ला बंद होतात.

मुक्काम आतल्या सरकारी कॅम्पमध्येच घ्या. नोव्हेंबर ते जानेवारीत कॅम्पचं फाटक ४:३० ला उघडतं, बाहेरून येणाऱ्यांचं दार ५:३० ला. तो एक तास सोन्याचा. दिवसभर तापलेलं डांबर पहाटेही उबदार असतं आणि सिंह त्यावर पसरलेले असतात. बुकिंग अकरा महिने आधी उघडतं, आणि स्कुकुझा, लोअर साबी, सातारा हे कॅम्प लवकर भरतात. स्कुकुझा ते लोअर साबी हा नदीकाठचा रस्ता बिबट्यासाठी, साताऱ्याच्या पूर्वेचा एस-१०० सिंहांसाठी. (नावं सारखी असली तरी या साताऱ्याचा आपल्या साताऱ्याशी संबंध नाही, नावाचं मूळ मात्र हिंदुस्तानी "सत्रा"त, म्हणजे सतरा या आकड्यात शोधतात.) स्कुकुझाजवळ लेक पॅनिकच्या काठावर लाकडी आडोसा आहे, तिथे गाडीतून उतरून तासभर शांत बसता येतं. ज्येष्ठांसाठी उत्तम.

भाड्याची गाडी घेताना बसायला उंच घ्या, गवताच्या वरून दिसायला हवं. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्या. गाडीतून फक्त ठरलेल्या जागीच उतरायचं. हात-डोकं खिडकीबाहेर काढलं तरी दंड होतो. कॅम्पमध्ये माकडं फ्रीज उघडतात, म्हणून व्हरांड्यातला फ्रीज भिंतीकडे तोंड करून ठेवा.

गजगामिनी

वरच्या प्रतिसादात हत्तींबद्दल राहिलं. गाडी स्वतः चालवताना खरा धोका सिंहाचा नाही, हत्तीचा आहे.

रस्त्यावर हत्ती दिसला की ५० मीटरवर थांबा, इंजिन चालू ठेवा. कानशिलाजवळ ओला पट्टा आणि मागच्या पायांवरून सतत ठिबकणारी लघवी दिसली तर नर माजावर आहे. त्याला रस्ता मोकळा करून द्या, १०० मीटर मागे जा. कान पसरून, डोकं हलवून, सोंड झाडत पुढे येणं हा बहुतेक वेळा नुसता इशारा असतो. डोकं खाली, कान मागे चिकटलेले आणि सोंड आत वळवलेली असेल तर तो थांबणार नाही. चुका दोन होतात. एक, मागे दुसरी गाडी येऊन चिकटते आणि उलटं जायला जागाच उरत नाही, म्हणून मागची जागा आरशात सतत बघत राहा. दुसरी, आई रस्त्याच्या एका बाजूला आणि पिल्लू दुसऱ्या बाजूला असताना मधून गाडी काढली जाते. कळपातली पहिली हत्तीण गेली म्हणजे सगळे गेले असं कधीच समजू नका.

नामिब_वारा

स्वतः गाडी चालवायची तर नामिबियातलं एतोशा राष्ट्रीय उद्यानही विचारात घ्या. तिथे जनावरांच्या मागे धावायचंच नाही, पाणवठ्यावर थांबायचं. कोरड्या ऋतूत, जुलै ते ऑक्टोबर, सगळं रान पाण्याशी येतं. ओकाउकुएजो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्रभर मंद दिवे असतात. कुंपणाआड बाकावर बसून काळे गेंडे पाणी पिताना दिसतात. रात्री ९ नंतर गर्दी ओसरते, तेव्हा जा. बोलू नका, बाकावर पाय आपटू नका.

तिथले रस्ते खडीचे. टायरमधल्या हवेचा दाब थोडा कमी करावा लागतो, किती ते गाडी देणाऱ्याकडून लिहून घ्या. दोन जादा टायर असलेली गाडी मागा. विम्यात टायर आणि काचा येतात का ते बघा, कारण तिथे नुकसान नेमकं त्यांचंच होतं. बाहेरच्या खडीच्या रस्त्यावर ताशी ८० च्या वर गेलं आणि वळणावर ब्रेक दाबला की गाडी उलटते. परदेशी पाहुण्यांचे अपघात बरेचसे असेच होतात.

पाऊलखुणा

पायी सफारीबद्दल. यासाठी झांबियाचं दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान. वन्यजीव संरक्षक नॉर्मन कार यांनी १९५० च्या दशकात हा प्रकार तिथे रुजवला आणि आजही शिस्त सर्वांत कडक तिथलीच. सहा-आठ जणांचा गट, एका रांगेत. पुढे बंदूकधारी रक्षक, मग वाटाड्या, मग पाहुणे. तीन-चार तासांत पाच ते आठ किलोमीटर, जास्त नाही.

वाटाड्याच्या हातात राखेची लहान पुरचुंडी असते. दर थोड्या वेळाने तो ती झटकतो, राख कुठे वाहते बघतो आणि वाट बदलतो, कारण आपला वास रानम्हशीपर्यंत आधी पोचला तर म्हैस आपल्याआधी निर्णय घेते. पायी गेल्यावर मोठी जनावरं लांबूनच दिसतात. जवळून दिसतं ते मातीवर लिहिलेलं: तरसाच्या पंज्यात नखं उमटतात, सिंहाच्या नाहीत. हत्तीच्या पुढच्या पावलाचा घेर दोरीने मोजून दुप्पट केला की त्याची खांद्यापर्यंतची उंची मिळते. हे एकदा कळलं की गाडीतून बघणंही बदलतं, म्हणून दोन दिवस पायी आणि मग गाडी असा क्रम ठेवावा.

नियम एकच, पळायचं नाही. सिंह समोर आला तर रांग मोडायची नाही, वाटाड्या सांगेल तसं सावकाश मागे. बूट नवे नकोत, वापरून मऊ झालेले हवेत. मोज्यात गवताची कुसळं घुसतात, म्हणून पायांवर पट्टे बांधा. पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबरपासून पुढे, रानातले लहान कॅम्प बंद होतात. क्रूगरमध्येही तीन रात्रींच्या पायी सहली आहेत, वय किमान १२.

लष्करी ठिपक्यांचे कपडे घेऊ नका. झांबिया, झिंबाब्वेत ते घालणं बेकायदा आहे. गडद निळे आणि काळे कपडेही टाळा, त्सेत्से ही चावरी माशी त्यांच्याकडेच येते. तिला पकडायचे सापळे त्याच रंगांच्या कापडाचे करतात.

वल्हं

पाण्यावरच्या सफारीबद्दल थोडक्यात, कारण ती तीन वेगवेगळी प्रकरणं आहेत.

बोत्सवानात ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात मोकोरो म्हणजे दोघांना बसता येईल अशी चपटी डोंगी. मागे उभा राहून एक जण बांबूसारख्या लांब काठीने ढकलतो. पूर्वी झाडाचं खोड कोरत, आता झाडं वाचावीत म्हणून बहुतेक फायबरच्या. गंमत पाण्याच्या वेळेची आहे: पाऊस अंगोलाच्या डोंगरात पडतो आणि पूर इथे पोचतो जून ते ऑगस्टमध्ये, जेव्हा आजूबाजूला सगळं कोरडं असतं. मोकोरोतून मोठी जनावरं दिसतील ही अपेक्षा ठेवू नका. कमळाच्या देठावरचा नखाएवढा बेडूक दिसतो, आणि शांतता. दोन-तीन तास पुरे, त्यापेक्षा जास्त वेळ पाठ टेकवायला काही नसलं की त्रास होतो.

झांबेझी नदीवरची कनू (वल्ह्याची अरुंद होडी) सफारी मात्र जोखमीची. पाणघोडा दिवसा खोल पाण्यात असतो, म्हणून काठाच्या उथळ पाण्यातून जायचं आणि वाटाड्या वल्ह्याने कनूवर ठोकत राहतो, म्हणजे पाणघोडे डोकं वर काढतात आणि कुठे आहेत ते कळतं. पाणघोडा आणि खोल पाणी यांच्या मधे कधीही यायचं नाही. मुलं-ज्येष्ठांसाठी नाही.

तिसरा प्रकार मोटारबोट: बोत्सवानात चोबे नदीवर कसाने गावाहून, किंवा युगांडात काझिंगा जलप्रवाहावर. तीन तास, आरामात बसून, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये हत्ती पोहत नदी ओलांडताना. गुडघे दुखणाऱ्यांनी हीच निवडावी.

डोंगरवाट

गोरिला ही सफारीच, पण तिचा हिशेब निराळा. युगांडात ब्विंडी राष्ट्रीय उद्यानाचा परवाना ८०० डॉलर, रवांडात १,५००. वय किमान १५. एका कुटुंबाजवळ आठ जण, एक तास, तोंडावर मास्क, कारण आपला सर्दी-खोकला त्यांना मारू शकतो. सर्दी असेल तर जाऊ नका, परवान्याचे पैसे गेले तरी. चढ कधी तासाभराचा, कधी सहा तासांचा. पाठीवरचं सामान उचलायला स्थानिक हमाल जरूर घ्या. तो रोजगारच तिथल्या माणसाला जंगल राखायचं कारण देतो. खाजकुयलीसारख्या झाडांमुळे बागकामाचे जाड हातमोजे न्या.

गरम हवेच्या बलूनबद्दल एका वाक्यात: मारात साधारण ४५० ते ५५० डॉलर, तासभर उडणं, वारा असेल तर रद्द, आणि उतरताना टोपली आडवी होऊ शकते म्हणून कंबर-पाठ दुखणाऱ्यांनी टाळावी.

औषधपेटी

पिवळ्या तापाची लस. केनिया, युगांडाहून भारतात परतताना प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, साठा मर्यादित असतो, म्हणून महिनाभर आधी नाव नोंदवा. अंड्याची तीव्र ॲलर्जी, कमजोर प्रतिकारशक्ती किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. सोनचाफा, तुमच्याकडे दोघं ज्येष्ठ आहेत, म्हणून देश ठरवायच्या आधी हे विचारा. दक्षिण आफ्रिकेला थेट किंवा दुबईमार्गे गेलात तर या लसीची गरज नाही.

मलेरियाच्या गोळ्या रानात असताना आणि परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात: ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर ७ दिवस, डॉक्सिसायक्लिन ४ आठवडे. लोक विमानातून उतरले की बंद करतात, चूक तिथेच होते. नंतर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना "आफ्रिकेत होतो" हे पहिलं वाक्य सांगा.

डबेवाली

शाकाहाराची चिंता नको. नैरोबी आणि टांझानियातल्या अरुशात गुजराती वस्ती जुनी आहे, आणि चपाती, चहा, समोसा तिथल्या रोजच्या जेवणातलेच. कॅम्पला "मासे, अंडी चालतात का" यासकट नेमकं लिहून कळवा. जैन असाल तर कांदा, लसूण, बटाटा अशी नावंच घाला. न्गोरोंगोरोच्या विवराच्या तळाशी डबा गाडीतच बसून खा, घारी हातातला घास उचलतात आणि नखं लागतात.

केनिया-टांझानियात प्लग चौकोनी तीन पिनांचा. दक्षिण आफ्रिकेत मात्र आपल्याकडच्या गीझरचा मोठा, १५ अँपिअरचा तीन गोल पिनांचा प्लग बसतो, तेव्हा घरातलाच एक एक्स्टेन्शन बोर्ड न्या. प्लास्टिकच्या पिशव्यांना केनिया, टांझानिया दोन्हीकडे बंदी, कापडी वापरा. छोट्या विमानात हातातल्या सामानासकट माणशी १५ किलो, तेही चाकं नसलेल्या मऊ बॅगेत, कारण कडक बॅग पोटाखालच्या कप्प्यात मावत नाही. कॅमेऱ्यासाठी रिकामी कापडी पिशवी न्या, तिथे किलोभर तांदूळ भरा, खिडकीवर ठेवा. स्टँडपेक्षा कामाची.

सातारा_कॅम्प

सोनचाफा, तुमच्यासाठी. मे महिन्यात मारात लांब पावसाळ्याचा शेवट असतो, गवत उंच आणि रस्ते चिखलाचे. क्रूगरमध्ये त्याच वेळी कोरडा ऋतू सुरू होतो, गवत बसतं, डासही कमी. म्हणून मे असेल तर क्रूगर: लोअर साबी ३ रात्री, सातारा ३ रात्री, उरलेला वेळ येण्याजाण्याचा. आठ आसनी गाडी घ्या आणि एकच संध्याकाळ उद्यानाच्या उघड्या गाडीतली रात्रफेरी घ्या, पण धाकट्याच्या वयाची अट बुक करताना विचारा. सकाळी जाड जॅकेट लागेल. डॉक्टरांनी मलेरियाच्या गोळ्या नको म्हटलं तर पिलानेसबर्ग राष्ट्रीय उद्यान, जोहान्सबर्गहून अडीच तास, मलेरियामुक्त.

दिवाळीत जायचं ठरलं आणि लसीला डॉक्टरांची हरकत नसेल, तर मारा चार रात्री, नैवाशा एक. तेव्हा कळप परतीच्या वाटेवर असतात, आणि नोव्हेंबरचा पाऊस लवकर आला तर वर धुळवाट यांनी लिहिलेल्या काळ्या मातीची आठवण ठेवून लँड क्रूझरच मागा.

सोनचाफा_पुणे

मे, क्रूगर. डॉक्टरांची वेळ उद्याची घेतली आहे. अकरा महिने आधीचं बुकिंग म्हणजे पुढच्या मेसाठी याच जूनमध्ये बसावं लागेल, बरोबर ना?

सातारा_कॅम्प

बरोबर. आणि सहा जणांना एकत्र हवं असेल तर कौटुंबिक बंगलाच शोधा, ते मोजके असतात आणि सगळ्यांत आधी जातात. लोअर साबीचं आधी बघा.